मागचा कार्ब्युरेटर

गाडीला पेट्रोलचं इंजेक्शन बसवायचं ठरलं ते शनिवारी सकाळी, गरम क्रम्पेट-पावावर लोणी विरघळत असताना. मी जाहीर केलं की ग्रँडॅडची गाडी आता संगणक चालवणार आणि तो संगणक मी बसवणार. मम चुलीपाशी उभी होती, तिने वळूनही पाहिलं नाही. आधी स्वतःची खोली आवर म्हणाली, मग लोकांच्या गाड्या उघड.

गाडी म्हणजे एमजी. दोन माणसांची, गडद हिरवी, कापडी छपराची. खाणीत दगड फोडून ग्रँडॅडने ती लग्नाआधी घेतली होती, आणि नॅन म्हणायची की मला मागणी घालायला आला तेव्हा त्याचं लक्ष रस्त्यावर उभ्या गाडीकडेच होतं. आम्ही क्ली हिल नावाच्या डोंगरावर राहतो. वर टोकाला रडारचे पांढरे गोल, खाली लडलो गाव, मध्ये काळ्या दगडाची घरं आणि रस्त्याच्या मधोमध रवंथ करत बसलेल्या मेंढ्या. ऑक्टोबर लागला की ढग आमच्या अंगणात उतरतो तो वसंतापर्यंत हलत नाही. तसल्या ओल्या थंडीत एमजी गुदमरायची. कार्ब्युरेटरच्या तोंडात बर्फ धरायचा, इंजिन खोकायचं आणि चढाच्या मध्यावर मान टाकायचं.

कार्ब्युरेटर म्हणजे इंजिनाचं नाक. हवा आत ओढायची, तिच्यात पेट्रोल मिसळायचं, पुढे पाठवायचं. एमजीला असे दोन, शेजारी शेजारी: पुढचा आणि मागचा. प्रत्येकाच्या डोक्यावर चकचकीत टोपी, समोर वाटीएवढं गोल तोंड. ते जुळवायचे असतात कानाने. रबरी नळीचं एक टोक कानात घालायचं, दुसरं त्या तोंडाशी धरायचं. आत सुस्सऽ असा आवाज येतो. ज्याचा आवाज मोठा त्याचा स्क्रू थोडा सैल करून तोंड मिटायचं, ज्याचा बारीक त्याचा आवळून उघडायचं, दोन्ही आवाज एक होईपर्यंत. एकट्याला हात लावायचा नाही. एकाला दिलं तर दुसऱ्याचं काढायचं. आमच्या डोंगरावर जुनी गाडी बाळगणारा कुणीही तुम्हाला हेच सांगेल, आणि मध्ये बोललात तर पुन्हा पहिल्यापासून सांगेल. मी शाळेत जायला लागले तेव्हापासून पुढच्यावर ग्रँडॅडचा कान असायचा आणि मागच्यावर माझा.

आता ग्रँडॅडला जिना उतरता येत नव्हता. इतक्या वर्षांची दगडाची धूळ त्याच्या छातीत बसली होती. वरच्या खोलीत ऑक्सिजनचं यंत्र गुरगुरायचं आणि तो बोलायचा ते तुकड्यातुकड्यांनी, दर दोन शब्दांमागे थांबून. दर आठवड्याला नर्स ग्वेनेथ यायच्या. हा हिवाळा जड जाईल, असं त्या ममला दारात हळूच म्हणाल्या तेव्हा मी जिन्यावर बसले होते. ग्रँडॅडने मागितलं होतं एकच. स्वतःच्या गाडीतून एकदा वर, ढगाच्या वर, उन्हात. म्हणून मला गाडी अशी करायची होती की ती चढावर दगा देणार नाही. मागच्या वर्षीपर्यंत मी वर्गात हात वर करायलाही घाबरायचे. यंदा मी एका गाडीचं नाक कापून नवं बसवायला निघाले होते, आणि खरं सांगते, मला एवढं भारी आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

मी वर जाऊन ग्रँडॅडला विचारलं.

"कर," तो म्हणाला. श्वास घेतला. "पण जोडी." पुन्हा श्वास. "एकत्र ठेव."

जोडी मी एकत्र ठेवली. दोन्ही कार्ब्युरेटर काढले, उरलेलं पेट्रोल ओतून टाकलं, जुन्या दात घासायच्या ब्रशने घासले आणि गॅरेजच्या खिडकीखालच्या फळीवर, घडी घातलेल्या वर्तमानपत्रावर शेजारी शेजारी मांडले. त्यांच्या जागी नवी यंत्रणा बसली. मागे जास्त दाबाचा पंप, पुढे पेट्रोलचा फवारा मारणाऱ्या चार तोट्या, सायलेन्सरच्या नळीत धुराची चव घेणारा सेन्सर, आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात पुस्तकाएवढा संगणक. इंजिनाने किती हवा घेतली ते तो मोजतो आणि तेवढंच पेट्रोल देतो. कान नको, नळी नको. किल्ली फिरवली आणि गाडी अशी चालू झाली जशी काही रात्रभर वाटच बघत होती. मम शाळेची मिनीबस चालवते, त्यामुळे गाड्यांबद्दल तिच्याकडून कौतुक निघणं कठीण. तिने एमजी चढावर नेऊन आणली, उतरली आणि म्हणाली की ठीक आहे. त्या दिवशी मी गॅरेजमध्ये एकटीच नाचले.

पण ग्रँडॅडला खाली आणायचं कसं? त्याच आठवड्यापासून तो खचत चालला होता. उशीवरून डोकं उचललं की दमायचा. रविवारचं जाणं पुढच्या रविवारवर गेलं, मग त्याच्या पुढच्या.

पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं ते वर्तमानपत्र. शाळेतून येऊन मी गॅरेज झाडत होते. दोन्ही कार्ब्युरेटरच्या तोंडासमोर कागद मऊ पडला होता. ओला नाही. काचेवर तोंडाची वाफ सोडल्यावर जसा गोल डाग उमटतो, तसे दोन डाग. मी खिडकीच्या फटीला दोष दिला आणि तिथे चिकटपट्टी लावली. दुसऱ्या दिवशी नवा कागद घातला. संध्याकाळपर्यंत त्यावरही डाग होते.

मग आवाज. बाहेर धुकं असलं की आमच्याकडे सगळं इतकं गप्प होतं की मेंढीने गवत तोडलेलं ऐकू येतं. गाडी बंद होती, रेडिओ बंद होता. फळीवरून सुस्सऽ ऐकू आलं. मी खिळ्यावरची नळी काढली, कानात घातली आणि दुसरं टोक पुढच्या कार्ब्युरेटरच्या तोंडाशी नेलं. बारीक, खरखरीत सुस्सऽ. थांबला. मग उलट्या बाजूने आला, आणि माझ्या कानात गरम लागलं.

कार्ब्युरेटर फक्त घेतो. परत देत नाही. त्याच्यात परत द्यायची सोयच नसते. हे मी स्वतःशी मोठ्याने म्हटलं, भौतिकशास्त्राच्या तासाला म्हणते तसं.

तारेच्या कुंपणावर अडकलेला मेंढीच्या लोकरीचा पुंजका मी आणला आणि दोन्ही तोंडांसमोर दोऱ्याने एकेक धागा टांगला. पुढचा धागा आत झुकला, बाहेर झुकला. मागचाही. मी दोन्ही उचलून टेबलाखाली ठेवले, वर खोकं पालथं घातलं आणि चहा करायला गेले. परत येऊन खोकं उचललं. आतला पुठ्ठा दमट झाला होता.

गॅरेजमध्ये आम्ही बेबी मॉनिटर ठेवलेला असतो. मी काम करत असताना ग्रँडॅडच्या खोलीतला आवाज ऐकू यावा म्हणून. त्यातून नेहमीसारखं ऑक्सिजनच्या यंत्राचं गुरगुरणं येत होतं आणि त्याच्यावर ग्रँडॅडचा श्वास, खरवडल्यासारखा. मी पुढचा कार्ब्युरेटर पुन्हा फळीवर ठेवला. मॉनिटरमध्ये ग्रँडॅड खोकला. लोकरीचा धागा त्याच क्षणी झटकला गेला. तो पुन्हा खोकला. धागा पुन्हा झटकला.

मी काय केलं ते सांगते. मी कार्ब्युरेटरच्या तोंडावर तळहात दाबला.

मॉनिटरमधलं खरवडणं थांबलं. यंत्राचं गुरगुरणं तेवढं राहिलं. मग ममचा आवाज आला, आधी साधा, मग वेगळा.

"डॅड? डॅड, माझ्याकडे बघ. डॅड."

मी हात उचलला. आत काहीतरी जोरात ओढलं गेलं आणि वरच्या खोलीत ग्रँडॅडने घशातून मोठा आवाज करत श्वास घेतला. माझ्या तळव्यावर ओलसर गोल उमटला होता. मी तो जीन्सला पुसला, मग पुन्हा पुसला.

कुणाला सांगणार? मम म्हणाली असती की दार उघडं ठेवून काम करत जा, पेट्रोल डोक्यात गेलंय तुझ्या. ग्वेनेथना सांगितलं असतं तर त्यांनी माझाच ताप बघितला असता. पण त्या दिवसापासून शाळेतून आले की मी आधी गॅरेजमध्ये जायचे आणि मग वर. पुढच्याचा आवाज रोज बारीक होत होता. नळी अगदी कानात खुपसली तरी कधी कधी मधलाच एखादा श्वास सापडायचा नाही, आणि तो सापडेपर्यंत मी तशीच वाकून उभी राहायचे. वर ग्रँडॅडने बोलणं सोडलं होतं. बोटाने खुणा करायचा. ग्वेनेथनी ममला जवळ बसवून सांगितलं की नातेवाइकांना कळवायचं असेल तर आता कळवा.

मागच्याचा आवाज मात्र छान होता. भरलेला, स्वच्छ, न अडखळणारा. तो कुणाचा, हा प्रश्न मला पडलाच नाही. पडायला हवा होता, पण माझ्या डोक्यात एवढंच होतं की ही जोडी आहे, एक थकलाय आणि एक ताजा आहे. अशा वेळी काय करायचं ते मला लहानपणापासून शिकवलं होतं.

मी स्क्रूड्रायव्हर घेतला. पुढच्याचा स्क्रू आवळला, तोंड जरासं उघडलं. मागच्याचा सैल केला, जरासं मिटलं. नळी इकडे, नळी तिकडे. पुन्हा थोडं. मी जांभई दिली, मला आठवतंय, आणि तेवढ्यात मागच्याचा आवाज क्षणभर मोठा झाला आणि मला वाटलं नळी सरकली. एका कानाने काम अवघड जातं. पण शेवटी दोन्ही सुस्स एकसारखे झाले. मान अवघडली होती, हात काळे झाले होते, आणि मी मॉनिटरकडे बघत उभी राहिले.

"टॅबी," मॉनिटरमधून ग्रँडॅड म्हणाला, "खाली काही खायला शिल्लक आहे का गं?"

एका दमात. मधे कुठे न थांबता.

मी जिना इतक्या जोरात चढले की वर पोचल्यावर धाप लागली होती. मला वाटलं आनंदाने.

पुढचा आठवडा घरात नाताळासारखा गेला. ग्रँडॅड उशीला टेकून बसला, मग खुर्चीत बसला, मग बेकनची मागणी करू लागला. ग्वेनेथनी त्याच्या बोटाला ऑक्सिजन मोजायची चिमटी लावली, आकडा बघितला, चिमटी झटकली, स्वतःच्या बोटाला लावून बघितली आणि बॅटरी बदलली. आकडा तोच. हे यंत्र फार आशावादी आहे, त्या म्हणाल्या. ग्रँडॅड म्हणाला की तुमचा हात लागला की असंच होतं, माझ्या तरुणपणी अनेकींची तक्रार होती. मम हसता हसता रडली आणि कपाट उघडून उगाच टॉवेलच्या घड्या करू लागली. रविवार पक्का झाला.

मला सांगायचं होतं. मी केलं, असं ओरडून सांगायचं होतं.

बुधवारी शाळेत डोंगरधाव असते. मी पहिली येते, यात गर्व वगैरे काही नाही, डोंगरावरची पोरं येतातच पहिली. त्या बुधवारी पहिल्या कुंपणापाशी मी थांबले. दुखत काहीच नव्हतं. फक्त हवा पुरत नव्हती, जसं कुणी अर्धाच पेला भरून माझ्यापुढे सरकवत होतं. सगळ्या मुली पुढे गेल्या. खालच्या वस्तीतल्या, ज्यांना मी नेहमी चिडवते त्यासुद्धा. ममने दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावलं, छाती ऐकली, पाठ ऐकली. सगळं उत्तम, म्हणाले. वाढीचं वय.

घरी येऊन मी गॅरेजमध्ये गेले. धुळीने शिंक आली. मागच्याच्या तोंडापुढचा लोकरीचा धागा उडून दोऱ्यावर गिरकी घेऊन आला.

मी त्याच्याकडे बघत राहिले.

मग मी श्वास रोखला.

मागचा गप्प झाला. पुढचा चालूच होता, शांत, मजेत. मी मनात आकडे मोजायचा प्रयत्न केला, पण नजर धाग्यावरून हटेना. तो सरळ लोंबकळत होता. छाती भाजायला लागली तेव्हा मी तोंड उघडलं, आणि धागा आत झुकला.

स्क्रूड्रायव्हर समोरच होता. मागच्याचा स्क्रू आवळायचा, एवढंच. पण मग पुढच्याचं काढावं लागणार. मी नाही काढलं तरी जोडी स्वतः काढेल का? मला माहीत नव्हतं. किती फिरवलं की तो पुन्हा बोटाने खुणा करू लागेल? मॉनिटरमध्ये ग्रँडॅड ममला सांगत होता की रविवारी छप्पर उघडं टाकायचं, थंडी गेली खड्ड्यात, आणि वर पोचल्यावर वेल्सपर्यंतचे डोंगर बघायचे. मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

शुक्रवारी बसथांब्यापासून घरापर्यंतच्या चढावर मी तीनदा बसले. शेवटी तर मेंढ्यांच्या शेजारी, ओल्या रस्त्यावर. एक मेंढी उठून माझ्यापासून लांब जाऊन बसली.

तिथे बसून मी ठरवलं. सगळं नाही घ्यायचं. निम्मं घ्यायचं. त्याला रविवार मिळेल एवढं ठेवायचं आणि मला हा चढ चढता येईल एवढं घ्यायचं. हे अन्यायाचं नव्हतं. मी पुन्हा पुन्हा स्वतःला तेच सांगत होते.

गॅरेजचं दार उघडंच होतं.

मॉनिटर गप्प होता. यंत्राचं गुरगुरणंसुद्धा नाही.

ग्रँडॅड फळीपाशी उभा होता. अंगात जुना निळा कामाचा डगला, पायात बूट, नाकात नळ्या नाहीत. रबरी नळीचं टोक त्याच्या कानात होतं. दुसरं मागच्याच्या तोंडाशी.

"बरं झालं आलीस," तो म्हणाला. "मी म्हटलं रविवारी वर जायचंच आहे तर त्याआधी जोडी एकदा ऐकून घ्यावी, कारण तू जुळवलीस ती चांगलीच जुळवलीस पण एका कानाने जुळवलीस, आणि एकट्याने काम केलं की मागचा नेहमी थोडा पुढे पळतो बघ."

मी दाराची चौकट धरली.

"गाडीला आता." श्वास. "हे लागत." श्वास. "नाहीत."

"माहीत आहे मला," तो म्हणाला.

"ग्रँडॅड. नको." श्वास. "लावू हात."

"अगं, थोडासाच. रविवारपुरता."

त्याने स्क्रूड्रायव्हर उचलला. मागच्याच्या स्क्रूच्या खाचेत पातं बसवलं, बघायचीही गरज पडली नाही त्याला.

तो बघत होता माझ्या छातीकडे. वर, खाली. वर, खाली. डोकं एका बाजूला कलतं ठेवून, आवाज नीट लागतोय ना ते पाहताना बघतो तसा.

मी एक पाऊल पुढे टाकलं. दुसऱ्या पावलाला हवा नव्हती.

ग्रँडॅडने ओठांचा चंबू केला आणि स्क्रू सैल करता करता शिट्टी वाजवायला लागला, लांबलचक, एका दमात.